आजोबांची पोलीस नोकरी कशी शोधावी? (रत्नागिरी-सिंधुदुर्ग, अंदाजे १९४५ ते १९७५)

तिठा · रविवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. आईच्या वडिलांची पोलीस खात्यातली नोकरी कागदोपत्री शोधायची आहे. पेन्शन किंवा वारसाहक्काचा प्रश्न नाही, आजी-आजोबा दोघंही हयात नाहीत. वंशावळीत नुसतं 'हवालदार होते' एवढंच लिहायला नको, म्हणून हा खटाटोप.

हाती आहे ते असं: चार आकडी नंबर असलेलं पितळी बक्कल. गणवेशातला एक फोटो, दंडावर तीन फिती. एक पदक, त्यावर स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचा उल्लेख आहे. घरातली तोंडी माहिती: महायुद्ध संपता संपता भरती, देवगड, राजापूर, मालवण आणि शेवटी वेंगुर्ला अशी ठाणी, 'सत्तर साली' निवृत्ती. आईला देवगडच्या ठाण्याची घंटा आठवते, तासातासाला वाजायची. सेवापुस्तक, आदेश, पगाराची चिठ्ठी यातलं काहीच नाही.

सुरुवात ठाण्यापासून करायची की एसपी ऑफिसपासून? एसपी ऑफिस असेल तर कुठलं? मालवण-वेंगुर्ला आज सिंधुदुर्गात आहेत आणि राजापूर रत्नागिरीत. बक्कल नंबरावरून माणूस सापडतो का? आणि माहिती अधिकारात अर्ज केला तर कागद मिळतील का?

---

बारनिशी · रविवार, दुपारी १२.०५

ठाण्यात जाऊ नका. म्हणजे बघायला जरूर जा, पण कागद मागायला नको. शिपाई-हवालदाराचा सेवेचा कागद ठाण्यात कधीच नसतो. ठाण्यात असतं ते हजेरी, ड्युटीवाटप आणि ठाणे दैनंदिनी. त्यांना ठरावीक मुदत असते, ती संपली की रीतसर नाश. साठ सालातली दैनंदिनी मागितलीत तर ठाणे अंमलदार तुमच्याकडे कीव केल्यासारखा बघेल.

सेवापुस्तक आणि सेवापट राहतात जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात, आस्थापना शाखेकडे. निवृत्तीनंतर ते अभिलेख कक्षात जातात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. तोवर मंडणगड ते सावंतवाडी असा पंधरा तालुक्यांचा एकच रत्नागिरी जिल्हा होता. तुमचे आजोबा त्याआधी निवृत्त झाले, म्हणजे पहिला दरवाजा रत्नागिरीचा. ओरोसला (सिंधुदुर्गचं मुख्यालय) दुसऱ्या फेरीत विचारा, कारण विभाजनात काही दप्तरं तिकडे गेली असू शकतात.

आणि ते 'सत्तर साली' खोडून टाका. पंचविसाव्या वर्धापनाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ ला जे सेवेत होते त्यांना मिळालं. पदक आजोबांचंच असेल तर त्या दिवशी ते नोकरीत होते.

---

तिठा · रविवार, दुपारी १२.३०

म्हणजे दोन वर्षं इथेच सापडली! घरात सगळे सत्तरवर ठाम आहेत.

---

फिरकी · रविवार, दुपारी १२.४१

घरातले ठामच असतात. आमच्याकडे तर प्रत्येक गोष्ट 'गांधीवधाच्या साली' झालेली आहे.

---

सुरंगी · रविवार, दुपारी २.१५

बक्कल नंबराबद्दल. नंबर माणसाचा नसतो, जिल्ह्याचा असतो. माणूस निवृत्त झाला, बडतर्फ झाला, वारला, दुसऱ्या जिल्ह्यात गेला की तो नंबर मोकळा होतो आणि पुढे नव्या शिपायाला मिळतो. म्हणजे १४०० नंबरचे तीन-चार शिपाई एकाच जिल्ह्यात वेगवेगळ्या काळात होऊन गेलेले असू शकतात. नुसता नंबर देऊन अर्ज केलात तर भलताच माणूस हाती लागेल. नंबरासोबत नाव आणि काळ हवाच: 'सन १९५५ ते १९७२ दरम्यान ब.नं. अमुक'. उलट नाव पक्कं नसेल तेव्हा नंबराचा उपयोग जास्त होतो, कारण जुन्या आदेशांत आडनाव चुकतं, पण नंबर सहसा चुकत नाही.

फोटोबद्दल: तीन फिती म्हणजे हवालदार, दोन म्हणजे नाईक, एकही नाही तो शिपाई. खांद्यावर एक तारा असेल तर जमादार म्हणजे आजचा एएसआय, दोन असतील तर फौजदार. फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आहे का बघा. गावाचं नाव मिळालं तर त्या ठाण्याची नेमणूक जवळजवळ पक्की, कारण गणवेशातला फोटो माणूस सहसा नेमणुकीच्या गावीच काढून घेतो. बढती मिळाल्यावर तर हमखास.

---

पाणंद · रविवार, दुपारी ४.५०

थोडं विषयांतर, पण इतर कुणी शोधत असेल तर कामाला येईल. कोकणात 'आजोबा जमादार होते' यावरून पोलीस खातं धरून चालू नका. बंदरांवर कस्टमचे जमादार होते. मीठ खात्याचे शिपाई-जमादार आगरांवर होते. जंगल खात्याचे होते, तुरुंगाचे होते. १९४९ च्या कायद्यानंतर दारूबंदीची माणसं वेगळी. सगळ्यांना खाकी आणि सगळ्यांना पट्टा. खेड्यातल्या माणसाला हे सगळे 'पोलीस'च. कस्टम आणि मीठ ही केंद्राची खाती, त्यांचे कागद एसपी ऑफिसात जन्मात मिळणार नाहीत.

ओळखायची खूण: कुटुंब पोलीस लाईनीत राहिलं होतं का? ठाण्यांची नावं घेताना ती तालुक्याच्या गावांची येतात की नुसती बंदरांची? बाणकोट, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, रेडी एवढीच नावं ओळीने आली, तर मला आधी कस्टमची शंका येईल.

---

फिरकी · रविवार, संध्याकाळी ५.०२

आणि नुसतं 'सरकारी माणूस होते' असं सांगत असतील तर पोस्टमनसुद्धा धरा. खाकीच की!

---

नाखवा · रविवार, रात्री ९.१०

सगळे सेवापुस्तकाच्या मागे लागलेत. माझं मत वेगळं. सुरुवात पेन्शनच्या बाजूने करा.

आजी आजोबांच्या मागे किती वर्षं होत्या? त्यांनी कुटुंब निवृत्तिवेतन घेतलं असेल तर त्यांच्या मृत्यूपर्यंत कोषागारात खातं चालू होतं. सेवापुस्तकाचा शेवटचा व्यवहार सत्तरच्या दशकातला, पेन्शनच्या कागदाचा त्याच्या कितीतरी नंतरचा. उशिरा बंद झालेला कागद सापडायची शक्यता जास्त, हा साधा हिशोब.

पेन्शन प्रदान आदेश, म्हणजे पीपीओ. त्याची एक प्रत पेन्शनरकडे असते. ट्रंकेत, देवघरामागे, विम्याच्या कागदांत, बँकेच्या जुन्या पासबुकात घडी करून ठेवलेली. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, शेवटचं पद, कार्यालय आणि पेन्शनसाठी धरलेली एकूण सेवा असते. निवृत्तीच्या तारखेतून ती सेवा वजा केली की भरतीचं वर्ष. पीपीओ नाही मिळाला तरी त्याचा नंबर पासबुकाच्या पहिल्या पानावर किंवा हयातीच्या दाखल्याच्या पावतीवर लिहिलेला असतो. नंबर घेऊन ज्या कोषागारातून किंवा उपकोषागारातून पैसे मिळत होते तिथे जा. कोकणातल्या जिल्ह्यांचे पेन्शनचे कागद मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे असतात, नागपूरला नाही. तिथे पत्र टाकायचं तर पीपीओ नंबराशिवाय टाकू नका, उगाच पोस्टाचा खर्च.

---

खाडीकाठ · सोमवार, सकाळी ८.३०

माहिती अधिकाराचं विचारलंय, म्हणून स्पष्ट सांगतो: आशा ठेवू नका. सेवेचा तपशील ही वैयक्तिक माहिती, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच म्हटलंय. कलम ८(१)(जे) दाखवून अर्ज फेटाळतात. शिवाय २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने ते कलम आणखी कडक केलंय, जनहिताची जी पळवाट होती तीही त्या कलमातून काढली.

---

बारनिशी · सोमवार, सकाळी १०.४५

@खाडीकाठ, अर्धं बरोबर. तो निकाल हयात कर्मचाऱ्याची माहिती तिऱ्हाइताने मागण्याबद्दल होता. इथे कर्मचारी मृत आहे आणि मागणारी त्याची मुलगी. शिवाय कलम ८(३) बघा. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या बाबींची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, द्यायची असते आणि त्या अपवादांत ८(१)(जे) नाही. अर्जात हे कलम लिहाच. लिहिलं नाही तर समोरचा स्वतःहून आठवण काढणार नाही.

पण माझा आग्रह असा की आधी माहिती अधिकार नकोच. आधी साधा अर्ज, आईच्या नावाने: 'मी कै. अमुक यांची मुलगी, वारस या नात्याने सेवापुस्तकाची छायांकित प्रत मिळावी.' सोबत आजोबांचा मृत्यू दाखला, आईचा वडिलांचं नाव दाखवणारा कागद (लग्नाआधीचा शाळेचा दाखला उत्तम) आणि स्वतःचं ओळखपत्र. अर्ज आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज आला की फाईल 'कायदेशीर' होते आणि प्रत्येक जण हात राखून लिहायला लागतो. साध्या अर्जावर एखादा कारकून स्वतः कपाट उघडून बघतो.

महिनाभरात काही हललं नाही तर मग माहिती अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, हे विसरू नका. 'आजोबांची सर्व माहिती द्या' असं लिहिलंत की संपलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. मजकूर असा:

'कै. (पूर्ण नाव, आडनावाच्या दोन्ही प्रकारांसह), पोलीस हवालदार, ब.नं. ____, तत्कालीन रत्नागिरी जिल्हा पोलीस दल, सेवाकाल अंदाजे १९४५ ते १९७५. यांच्या सेवापुस्तकाचे पहिले पान, नेमणूक, बढती व बदल्यांच्या नोंदींची पाने आणि सेवापट यांच्या छायांकित प्रती मिळाव्यात. सदर अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीतील संबंधित पानाची प्रत मिळावी. कर्मचारी मयत असून अर्जदार त्यांची मुलगी आहे. माहिती वीस वर्षांपूर्वीची असल्याने कलम ८(३) लागू होते.'

नष्ट केल्याच्या यादीचं ते वाक्य गाळू नका. ते नसलं की 'सदर अभिलेख आढळून येत नाही' एवढं एका ओळीचं उत्तर येतं. ते असलं की एकतर यादी दाखवावी लागते किंवा कागद शोधावा लागतो. उत्तराला ३० दिवस, प्रतीचे पानाला दोन रुपये. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

---

खाडीकाठ · सोमवार, सकाळी ११.१५

८(३) मान्य. पण सेवापुस्तक सापडलंच तर त्यात वाचण्यासारखं असतं किती?

---

बारनिशी · सोमवार, सकाळी ११.५०

पहिलं पानच बघण्यासारखं. वडिलांचं नाव, राहायचं गाव, जन्मतारीख अंकी-अक्षरी, उंची, शिक्षण, शरीरावरच्या ओळखीच्या खुणा ('डाव्या भुवईवर व्रण', 'उजव्या गालावर तीळ') आणि खाली डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. ज्यांनी माणूस पाहिलेला नाही त्यांना तो पहिल्यांदा दिसतो. आतल्या पानांत पगारवाढी, रजा, सेवा पडताळणी. पोलिसाच्या सेवापटावर बक्षिसं आणि शिक्षा दोन्ही असतात. दारू पकडल्याबद्दल पाच रुपये बक्षीस आणि गैरहजेरीबद्दल सक्त ताकीद शेजारी शेजारी. मन घट्ट करून वाचा. :)

एक सूचना. पासष्टच्या आधीच्या नोंदी बऱ्याचदा इंग्रजीत असतात, कारण राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यामुळे सावंत 'डब्ल्यू'ने की 'व्ही'ने, दोन्ही प्रकारे शोधायला सांगा. आणि कोकणी आडनावाचा घोळ वेगळाच: भरतीच्या वेळी गावावरून '-कर' लावलेलं, घरी मात्र परब, गावडे, राणे. दोन्ही द्या. पगाराचा कागद सापडला आणि त्यात आणे-पै असतील तर तो एप्रिल १९५७ च्या आधीचा.

---

उंडी · सोमवार, दुपारी ३.३०

तुमच्या आईचा जन्म कधीचा? पन्नासच्या आसपास असेल तर आजोबांच्या बदल्यांचा कागद पोलीस खात्याबाहेर पडलेला आहे आणि तो कुणी नष्ट करत नाही: शाळेचं जनरल रजिस्टर.

पोलिसाची बदली झाली की पोरं शाळा बदलतात. प्रत्येक प्राथमिक शाळेत प्रवेशाचं हे रजिस्टर असतं, कायम जपायचं. रकाने साधारण असे: अनुक्रम, मुलाचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, यापूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. यातले तीन रकाने तुमच्या कामाचे. 'यापूर्वीची शाळा' म्हणजे मागची नेमणूक. 'प्रवेशाची तारीख' म्हणजे नव्या ठाण्यावर हजर झाल्याचा महिना, थोडं मागेपुढे. 'सोडण्याचं कारण' या रकान्यात पुष्कळदा चक्क 'वडिलांची बदली' लिहिलेलं असतं.

आई, मामा, मावश्या जितक्या जणांच्या नोंदी काढाल तितकी साखळी घट्ट. मोठ्या मामांची नोंद जिथे संपते तिथून धाकट्या मावशीची सुरू होते. मुलांची जन्मस्थळंसुद्धा धरा, पण जपून. बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून जन्मगाव हे नेमणुकीचं गाव असेलच असं नाही. शाळेचं गाव मात्र खोटं बोलत नाही.

तालुक्याच्या गावी शाळा नं. १ पासून सुरुवात करा, पोलीस लाईनीतली मुलं सहसा तिथेच. मुलींची वेगळी शाळा असेल तर आईची नोंद तिच्यात, आणि ती शाळा पुढे दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर रजिस्टर तिकडे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आईचा आधार लावा, अंदाजे वर्ष द्या. मे महिन्यात जाऊ नका, शाळा बंद. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी. गणपतीनंतर जा.

---

सुरंगी · सोमवार, दुपारी ४.०५

हे भारी आहे. पोलीस शोधायला शाळेत!

---

फिरकी · सोमवार, दुपारी ४.१०

लहानपणी शाळेतून पळालो की पोलीस शोधायला यायचे, आता उलटं.

---

कौलारू · सोमवार, रात्री ८.२०

घंटेबद्दल कुणीच बोललं नाही. ती घंटा नव्हे, तास. पितळेची जाड गोल थाळी, दोरीने आढ्याला टांगलेली, लाकडी मोगरीने ठोकायची. पहाऱ्यावरचा पोलीस ठोके देई. आता गंमत अशी की तास बहुतेक वेळा तिजोरीच्या पहाऱ्याचा असायचा. तालुक्याची उपकोषागाराची तिजोरी मामलेदार कचेरीत आणि तिच्यावर हत्यारी पोलिसांचा गार्ड. ठाणं पुष्कळ ठिकाणी त्याच आवारात किंवा भिंतीला भिंत लावून. म्हणून लहान मुलाच्या आठवणीत 'ठाण्याची घंटा' म्हणून राहते ती कदाचित कचेरीची. आईंना विचारा: घंटा जिथे होती तिथे लोक कागद घेऊन बसलेले असायचे का, स्टॅम्प विकणारे होते का? 'हो' आलं तर कचेरी.

आठवणींना सरळ 'कधी?' विचारलं तर उत्तर येत नाही. खुंट्या द्याव्या लागतात. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट: तेव्हा कुठल्या घरातून बाहेर पळालात? बासष्ट साल उजाडायच्या आधी गोवा मुक्त झाला, डिसेंबर १९६१: बाबा तेव्हा बांद्याच्या बाजूला बंदोबस्ताला होते का? पासष्टच्या युद्धात काचांना काळे कागद लावले होते ते घर कुठलं? या तीन प्रश्नांत साठचं दशक बरंच लागतं. आणि सामान बोटीने आलं असं सांगत असतील तर तो महिना पावसाळ्यातला नाही. आगबोटी पावसाळ्यात बंद असायच्या.

इमारतीवरून काळ काढायचा मोह आवरा. चिऱ्याच्या भिंती, नळ्याची कौलं, पुढे पडवी, आत डावीकडे जाळीचा दरवाजा असलेली कोठडी, हे वर्णन अर्ध्या कोकणातल्या जुन्या ठाण्यांना लागू पडतं.

---

तर्कट · सोमवार, रात्री ८.४४

मालवणीत एकच सांगतंय: बक्कल गावला, मेडल गावला, आता तास पण गावलो. आता आजोबा तेवढे गावाक व्हये!

---

पाणंद · मंगळवार, सकाळी ९.००

ठाण्यांच्या नावांबद्दल. आज जे स्वतंत्र पोलीस ठाणं आहे ते साठ साली दूरक्षेत्र असू शकतं, म्हणजे आऊटपोस्ट. घरातले गावाचं नाव सांगतात, कागदावर मात्र वरच्या ठाण्याचं नाव येतं. तेव्हा कुठे काय होतं हे तपासायला रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरची १९६२ ची आवृत्ती बघा, कायदा-सुव्यवस्थेच्या प्रकरणात पोलीस दलाची रचना आहे. १८८० चा जुना खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा एकत्र आहे, तो तुमच्या काळासाठी कामाचा नाही.

दूरक्षेत्रावरच्या हवालदाराचा माग लागायची आणखी एक जागा म्हणजे पोलीस पाटलाकडची भेटवही. गावाला भेट दिली की हवालदार तीत तारीख घालून सही करतो, पुष्कळदा बक्कल नंबरासह. पाटीलकी एकाच घरात चालत आली असेल तर माळ्यावर जुन्या वह्या सापडतात. सरकारी कपाटापेक्षा कोकणातला माळा भरवशाचा, वाळवी सोडली तर.

---

झारापी · मंगळवार, सकाळी ११.२५

याच धाग्यात विचारतो, नवा काढत नाही. पणजोबा सावंतवाडी संस्थानात शिपाई होते असं म्हणतात, अठ्ठेचाळीसच्या आधी. ते कुठे शोधायचं?

---

नाखवा · मंगळवार, दुपारी १.४०

@झारापी, संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि रत्नागिरी जिल्ह्याला जोडलं गेलं. पणजोबा विलीनीकरणानंतरही नोकरीत राहिले असतील तर शोध वरच्याच वाटेने, सेवापुस्तकात मागची संस्थानी नोकरी चढवली आहे का ते बघायचं. त्याआधीच निवृत्त झाले असतील तर एसपी ऑफिस विसरा. मग संस्थानी दप्तर, आणि ते मोडीत असण्याची तयारी ठेवा. मुंबईत पुराभिलेख संचालनालय एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. जाण्याआधी नुसतं आडनाव नव्हे तर गाव आणि साल लिहून न्या, तिथे आडनावाने काही शोधता येत नाही. मोडी वाचणारा सोबत हवा. याच संचालनालयातर्फे मोडीचे वर्गही भरतात.

आणि सावंतवाडीत 'वैनतेय', वेंगुर्ल्यात 'किरात' ही जुनी साप्ताहिकं. बदली, निरोप समारंभ, चोरीचा तपास अशा चार ओळींच्या बातम्या त्यांत यायच्या. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर आणि रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय इथे विचारा. शिपायाचं नाव क्वचित येतं, फौजदाराचं येतं. पण फौजदाराचं नाव आणि साल मिळालं की घरातल्या 'ते अमक्या फौजदाराच्या हाताखाली होते' या वाक्याला तारीख चिकटते.

---

खाडीकाठ · मंगळवार, दुपारी २.१०

चिपळूण-महाडकडे कागद शोधणाऱ्यांनी २००५ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेवा. तळमजल्यावरचं काहीच धरू नका.

---

तिठा · पाच आठवड्यांनी, शनिवार, सायंकाळी ६.३०

धागा वर काढतोय. पीपीओ सापडला नाही, पण आजीच्या पासबुकावर नंबर सापडला. कोषागारात अर्ज दिलाय. एसपी ऑफिसला साधा अर्ज दिला, शिक्का घेतला.

शाळेचं मात्र लागलं. आईची देवगडच्या शाळेतली नोंद: प्रवेश जून १९५८, इयत्ता तिसरी. सोडलं एप्रिल १९६१, कारण 'वडिलांची बदली'. आणि 'यापूर्वीची शाळा' या रकान्यात 'मुरूड, जि. कुलाबा'. घरात कुणीही मुरूडचं नाव काढलेलं नव्हतं! मामा तर म्हणतात रजिस्टर चुकलंय.

तासाचं विचारलं. स्टॅम्पवाले होते म्हणते आई. म्हणजे कौलारू म्हणतात ती कचेरीच.

---

बारनिशी · शनिवार, रात्री ९.१५

रजिस्टर चुकलेलं नाही, मामा तेव्हा पाळण्यात असतील.

शिपाई-हवालदार ही जिल्ह्याची आस्थापना. रत्नागिरी जिल्ह्यातला शिपाई मुरूडला बदलीवर जात नाही, कारण मुरूड कुलाबा जिल्ह्यात. म्हणजे आजोबांची भरतीच कुलाब्यात झालेली दिसते, आणि १९५८ च्या सुमारास ते विनंतीवरून आंतरजिल्हा बदलीने गावाजवळ आले. अशा बदलीत ज्येष्ठता जाते, माणूस नव्या जिल्ह्याच्या यादीत तळाला बसतो. पंचेचाळीसला भरती होऊन बहात्तरलाही हवालदारच, याचं हेही एक कारण असू शकेल.

आता कामाचं. एक, तुमच्याकडचं बक्कल बहुधा रत्नागिरीचं. कुलाब्याचा नंबर वेगळा असणार, तेव्हा अलिबागच्या अर्जात हा नंबर लिहू नका, नाव आणि काळ लिहा. दोन, सेवापुस्तक माणसाबरोबर जातं, म्हणून मूळ पुस्तक रत्नागिरीतच शोधायचं. अलिबागला मागायची ती भरतीची आणि कार्यमुक्तीची नोंद, १९५७ ते १९५८ चे जिल्हा आदेश. कुलाब्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, पण अर्जात 'तत्कालीन कुलाबा' लिहा, कपाटावर जुनंच नाव असतं. तीन, भरती पंचेचाळीसची म्हणता, तेव्हा मुरूड जंजिरा संस्थानात होतं, कुलाब्यात नव्हे. ते कुलाब्यात आलं १९४८ ला. त्यामुळे पहिली नेमणूक मुरूडची नसणार. अलिबाग, रोहा, महाड, पेण, कुठलीही असेल. संस्थानी शिपाई होते का, तेही एकदा विचारून ठेवा.

---

उंडी · शनिवार, रात्री ९.४०

मुरूडच्या शाळेत पहिलीची नोंद बघा. १९५६ चा प्रवेश असेल. तिथे 'यापूर्वीची शाळा' कोरी सापडली तर त्याआधीचं शाळेतून मिळणार नाही, मोठं भावंड असल्याशिवाय.

---

तिठा · शनिवार, रात्री ९.५२

मोठी मावशी आहे, १९४६ ची. तिची नोंद काढतो. बक्कल चकचकीत करून त्याचा फोटो इथे टाकू का?

---

सुरंगी · शनिवार, रात्री १०.०५

टाका, पण ब्रासो लावू नका! घासून घासून आकड्यांच्या कडा जातात आणि ३ चा ८ वाचला जातो. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, आकडे उठतील. त्या कागदाचा फोटो टाका. आणि मागची बाजू बघा, तिथे कुणीतरी खिळ्याने दुसरा नंबर खरवडलेला असतो कधी कधी.

---

तिठा · शनिवार, रात्री १०.३१

आहे.